पहिल्या फेरीचा माणूस

अर्ध्या हे नाव त्याला बसमध्ये पडलं. अकरा वर्षांचा असताना, शाळेच्या सुट्टीत, तो पहिल्यांदा वडिलांबरोबर कामावर निघाला. वडील लिफ्ट मिस्त्री. कंडक्टरने एक पूर्ण आणि एक अर्धं अशी दोन तिकिटं फाडली, आणि मागच्या सीटवरून वडिलांच्या जोडीच्या वेल्डरने विचारलं, "मिस्त्री, आज दीड माणूस का कामावर?" त्या दिवसापासून तो 'अर्धं तिकीट' झाला आणि आठवडाभरात नुसता अर्ध्या. पुढे त्याला मिसरूड फुटलं, आवाज घोगरा झाला, तो वडिलांपेक्षा चार बोटं उंच झाला, बसमध्ये पूर्ण तिकीट काढायला लागूनही कितीतरी वर्षं झाली. नाव मात्र तेवढंच राहिलं. वेल्डर लांबट, हाडकुळा माणूस, तोंडाने फटकळ. तो म्हणायचा, "तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत काय छापायचं रे? चिरंजीव अर्धे?" अर्ध्या हसायचा. विसाव्या वर्षानंतर ते हसू जरा ओढून आणावं लागायचं.

कारण या लोकांत पोराचा माणूस कधी होतो हे ठरलेलं होतं, आणि वयाशी त्याचा काही संबंध नव्हता.

लिफ्टचा तारेचा दोर झिजला की बदलतात. नवा दोर चढवून त्याचं टोक वरच्या तुळईला पक्कं केलं, की ज्याने ते टोक बांधलं त्याने लिफ्टमध्ये एकट्याने उभं राहायचं आणि तळापासून शेवटच्या मजल्यापर्यंत जाऊन परत यायचं. ही पहिली फेरी. दुसऱ्या कुणाला आत घ्यायचं नाही, सामान ठेवायचं नाही. ऑफिसच्या नियमाप्रमाणे वाळूची पोती घालून चाचणी व्हायची, पण ती नंतर. वडिलांचे उस्ताद म्हणत, पोत्यांना भीती वाटत नाही, म्हणून पोत्यांच्या भरवशावर बांधणाऱ्याचा हात ढिला पडतो. आपण स्वतः चढणार हे माहीत असलं की नट आवळताना मनगटात आपोआप जोर येतो. उस्ताद जाऊन जमाना झाला होता, तरी वडिलांनी हा नियम मोडला नव्हता.

वडिलांची पहिली फेरी एकोणिसाव्या वर्षी झाली होती. त्याची गोष्ट ते क्वचित सांगत, पण सांगत तेव्हा लिफ्टबद्दल काहीच नसे. त्या दिवशी ते घरी आले, तर अर्ध्याचे आजोबा दार रंगवायला काढून बसले होते. त्यांनी मुलाकडे बघितलं आणि विचारलं, "कुठला रंग द्यावा म्हणतोस?" गोष्ट एवढीच. तोपर्यंत घरात त्यांना कुणी कशात काही विचारलं नव्हतं. वडिलांनी हिरवा सांगितला आणि दार हिरवं झालं.

अर्ध्या एकवीस वर्षांचा झाला तरी त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. त्याने दोनदा स्वतःहून विषय काढला. पहिल्यांदा वडील म्हणाले, अजून नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, हात तयार झालाय, कान नाही. कान म्हणजे काय ते सांगितलं नाही. त्याच्या बरोबरीची मुलं एव्हाना कुठे कुठे चिकटली होती. एक जण जहाजावर गेला होता आणि तिथून फोटो पाठवत होता. अर्ध्यानेही कधीतरी जहाजाच्याच कोर्सचा फॉर्म आणला होता. पण आईने तेव्हा हट्टच धरला, दोन वर्षं वडिलांबरोबर काढ आणि मग काय ते बघ. आई सहसा हट्ट करणारी नव्हती, म्हणून त्याने ऐकलं. फॉर्म कपाटात चादरींखाली गेला.

त्या दोन वर्षांत वडिलांनी त्याची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. असं निदान त्याला वाटत होतं. पेटीतून पाना काढून समोर धरायचे आणि विचारायचे, "वाच बघू, कितीचा?" नकाशा पसरायचे आणि म्हणायचे, "सांग, यात काय काय दिसतं?" मजला कितवा, मीटरचा काटा कुठे, दोर किती ठिकाणी उसवलाय. तो धडाधड सांगायचा. बरोबर आलं की वडील नुसते 'हं' म्हणायचे. त्या एका 'हं'साठी तो रात्री वाचत बसायचा, दोरांची मापं पाठ करायचा. त्याला वाटायचं, आपण जवळ आलो. अजून दहा प्रश्न, अजून वीस, आणि एक दिवस वडील लिफ्टचं दार उघडून बाजूला होतील.

घरी आई शाळांचे गणवेश शिवायची. खिडकीशी शिलाई मशीन, बाजूला निळ्या कापडाचा ढीग. तिचा दिवस मशीनच्या आवाजावर चालायचा. पण दोर बदलायचं काम असलं, की दुपारी कधीतरी मशीन थांबायचं. पहिली फेरी मारून खाली उतरले की वडील घरच्या फोनवर एक रिंग द्यायचे आणि तोडायचे. ती रिंग येईपर्यंत आई बसत नसे. काही करतही नसे. ओट्याला टेकून उभी राहायची. लहानपणी शाळेतून आल्यावर अर्ध्याने तिला अशी कित्येकदा पाहिलं होतं. तो काही मागायला गेला की म्हणायची, "थांब जरा, बाबा वर आहेत." फोन एकदा वाजून गप्प झाला, की ती पदर झटकल्यासारखा करून मशीनवर बसायची, आणि घरात पुन्हा तो कटकट आवाज सुरू व्हायचा. अर्ध्याला त्याचं हसू यायचं. लिफ्टमध्ये बाबा, आणि घाम हिला.

त्या दिवशीचं काम एका जुन्या गोदामाचं होतं. चार मजले, मालाची लिफ्ट. सकाळी बसमध्येच वेल्डरने अर्ध्याला कोपराने ढोसून सांगितलं की ऑफिसचा साहेब येणार आहे. साहेब साइटवर कधी येत नसे. "कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलंय," वेल्डर खालच्या आवाजात म्हणाला, "की मिस्त्रींना दिसत नाही."

"कुणाला दिसत नाही?" अर्ध्या म्हणाला. त्याला खरंच कळलं नाही.

वेल्डरने त्याच्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "काही नाही. लोकांना काय, उद्योग नसतात."

वडील पुढच्या सीटवर ताठ बसले होते. उतरताना त्यांनी नेहमीसारखा अर्ध्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात कधीपासून तिथे यायला लागला, याचा अर्ध्याने आजवर विचार केला नव्हता. बापाचा हात पोराच्या खांद्यावर असतो, त्यात विचार कसला करायचा?

मोटरची खोली गोदामाच्या गच्चीवर होती. बुटकी, तेलकट, एका खिडकीची, वरचा दिवा गेलेला. खाली लिफ्टचा पिंजरा लाकडी ठोकळ्यांवर टेकवून ठेवला होता, म्हणजे दोर सैल पडतो आणि बदलता येतो. जुना दोर निघाला, नवा चढला. त्याचं एक टोक मोटरच्या ड्रमवर गेलं. दुसरं पिंजऱ्यावरच्या कप्पीखालून वर आणून, तुळईच्या कडीतून वळवून परत दोरालाच धरून बांधायचं. हेच ते टोक, ज्यावर सगळं लटकतं. त्याला तीन क्लिपा लागतात. एका क्लिपेचे दोन भाग: एक सपाट बैठक, एक घोड्याच्या नालीसारखा वाकवलेला बोल्ट. ज्या दोरावर वजन येणार तो जिता दोर आणि वळवून आलेलं आखूड टोक ते मेलं. बैठक जित्यावर, नाल मेल्यावर. उलट बसवली तर नाल जित्या दोराला चावते. लगेच काही होत नाही, एखादा महिना, एखादं वर्षही काही होत नाही. कधी होईल हे मात्र कुणी सांगू शकत नाही. अर्ध्या बारा वर्षांचा असताना हे शिकला होता. वडिलांनी डोळे बांधून त्याच्याकडून शंभर वेळा करून घेतलं होतं.

क्लिपा बसवायची वेळ आली तशी वडिलांनी त्याला खाली पाठवलं. ठोकळे नीट आहेत का बघ आणि साहेब आले तर बसायला दे. खाली साहेब आलेलाच होता. पांढरा शर्ट, हातात फाइल. त्याने अर्ध्याला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, वडिलांबरोबर किती वर्षं झाली. मग म्हणाला, "एकट्याने काम करशील ना? म्हणजे वेळ आली तर?"  तो हो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. शेजारी वेल्डर विडी पेटवत होता, तो पेटवायचा थांबला.

अर्ध्या परत वर गेला तेव्हा वडील नटांवर पिवळ्या रंगाच्या रेघा ओढत होते. आवळलेला नट पुढे ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते, म्हणून ही रेघ. वडील ती बोटानेच ओढायचे. "झालं," ते म्हणाले. "सामान आवर आणि ये." आणि भिंतीला हात लावत, पायरी पायाने चाचपत, ते हळूहळू खाली गेले.

अर्ध्याने पाने गोळा करायला विजेरी लावली. उजेड तुळईवरून फिरला, पुढे गेला आणि परत आला.

तिन्ही क्लिपा उलट्या होत्या.

त्याने आधी दोन बोटांनी दोर वरून खाली तपासला. त्याला वाटलं, आपलीच गल्लत होतेय. मग त्याच्या लक्षात आलं. एरवी वडील भिंतीकडे पाठ करून बांधायचे. जिता दोर त्यांच्या डाव्या हाताला यायचा. या खोलीत तुळई दुसऱ्या बाजूला होती. भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागत होतं आणि जिता दोर उजव्या हाताला आला होता. वडिलांच्या हातांनी नेहमीसारखी बैठक डावीकडे बसवली होती. हाताची काही चूक नव्हती. चूक नुसती बघितली असती तर कळली असती.

मग बाकीचं सगळं एकदम आलं. पाना कितीचा, वाच बघू. यात काय दिसतं, सांग. मीटरचा काटा कुठे आहे. खांद्यावरचा हात. दोन वर्षं तो परीक्षा देत होता, आणि ती परीक्षा नव्हतीच. वडिलांना खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

खाली साहेब उभा होता. अर्ध्याने गच्चीच्या कठड्यावरून वाकून एकच वाक्य बोलायचा अवकाश होता: साहेब, जरा वर या. वडिलांचं काम तिथल्या तिथे संपलं असतं आणि त्याचं सुरू झालं असतं. क्लिपा त्याने सगळ्यांसमोर सरळ केल्या असत्या, पहिली फेरी त्याची झाली असती. ज्याची तो इतकी वर्षं वाट बघत होता ते मिळवायला त्याला फक्त खरं बोलायचं होतं. आणि हे खोटंही नव्हतं, वाईटही नव्हतं. उलट न सांगणंच वाईट होतं, हे त्याला चांगलं कळत होतं.

तो कठड्यापाशी गेला आणि खाली ओरडला, "सतराचा पाना सापडत नाहीये. आलोच."

सहा नट. घाईत पहिल्या नटाला पाना दोनदा सटकला आणि बोटाचं साल निघालं. खालून वेल्डरचा आवाज आला, "अर्ध्या, पाना शोधतोयस की ओतून घडवतोयस?" गोदामाचे हमाल हसले. साहेबाने काहीतरी विचारलं, आणि वेल्डर त्याला भलत्याच कुठल्या इमारतीची, भलत्याच कुठल्या लिफ्टची लांबलचक गोष्ट सांगायला लागला. अर्ध्याने एकेक क्लिप सोडवली, फिरवली, बैठक जित्यावर घेतली, पुन्हा आवळली. मग अजून एकदा आवळली. शेवटी डबीत बोट बुडवून सहा नटांवर सहा रेघा ओढल्या. वडिलांच्या रेघा जरा डावीकडे कलायच्या, तशा त्यानेही कलवल्या.

तो खाली आल्यावर हमालांनी ठोकळे काढले. वडील पिंजऱ्याच्या दाराशी उभे होते. आणि तेव्हा कुठे अर्ध्याला कळलं की आपण काय करून बसलोय. आता दोर त्याने बांधलेला होता, घाईत, चोरून. नियमाप्रमाणे आत त्याने जायला हवं होतं.

"बाबा," तो म्हणाला, "आज मी जातो."

साहेबाने फाइलमधून मान वर केली. वडिलांनी अर्ध्याच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. त्यांना वाटलं असणार, पोराने साहेबासमोर डाव साधला.

"ज्याने बांधलं तो जातो," ते म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी दार ओढून घेतलं.

यावर बोलण्यासारखं एकच होतं आणि ते बोलता येत नव्हतं.

पिंजरा वर सरकला. लहानपणापासून अर्ध्याने पहिली फेरी शंभर वेळा खालून पाहिली असेल. मान वर करून, आत आपण असतो तर, असं मनात म्हणत. आज त्याने पिंजऱ्याचा तळ पाहिला. चार गंजके पत्रे, मधोमध एक आडवी पट्टी, आणि त्यावर बाप उभा. पहिला मजला गेला. दोर कुरकुरला, नवा दोर बसताना कुरकुरतोच, हे त्याला माहीत होतं, आणि माहीत असूनही उपयोग नव्हता. दुसरा. त्याला तिसऱ्या क्लिपेचा डावा नट आठवेना. दोनदा आवळला होता की एकदाच? तिसरा. बोटाच्या सालपटातून आलेलं रक्त पिवळ्या रंगात मिसळलं होतं. त्याला एकदम आई दिसली, ओट्याला टेकून उभी. त्याला ज्याचं हसू यायचं ते. आत उभ्या माणसाला निदान दोराचा आवाज तरी ऐकू येतो.

पिंजरा खाली आला. दार उघडून वडील बाहेर आले आणि त्यांनी खिशातून फोन काढून अंगठ्याने चाचपत एक रिंग दिली. साहेबाने फाइलवर काहीतरी लिहिलं, वडिलांशी हात मिळवला आणि म्हणाला, लोक उगीच काहीबाही बोलतात मिस्त्री, मनावर घेऊ नका. वडील म्हणाले, नाही घेत. वेल्डर विझलेली विडी चघळत अर्ध्याच्या बोटाकडे बघत होता.

पण काम संपलेलं नव्हतं. दोरावर एकदा ताण आला की क्लिपा पुन्हा आवळाव्या लागतात. अर्ध्याने पाना घेतला. वडिलांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. "तू थांब," ते म्हणाले आणि एकटे वर गेले.

दोन मिनिटांच्या कामाला त्यांना पंधरा मिनिटं लागली.

संध्याकाळच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले होते. वेल्डर आपणहून पुढे जाऊन उभा राहिला होता. वडिलांचा हात मांडीवर उघडा पडला होता. बोटाच्या पेराला पिवळा रंग होता, त्यांनी तो पुसला नव्हता. तीन-चार थांबे गेले.

"रंग ओला होता," वडील म्हणाले. "माझा एव्हाना वाळला असता."

अर्ध्याने सालटलेलं बोट मुठीत घेतलं.

"तिन्ही?"

अर्ध्याने मान हलवली. मग त्याच्या लक्षात आलं की मान हलवून उपयोग नाही. "हो," तो म्हणाला. "तिन्ही."

वडिलांनी 'हं' म्हटलं. बरोबर उत्तर आल्यावर म्हणायचे तेच 'हं'. बसमधून उतरताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. दांडा धरून, पाय खाली सोडून, जमीन लागेपर्यंत वाट बघत ते उतरले. मागच्या माणसाने घाई केली तर अर्ध्या त्याच्यावर उगाचच खेकसला.

दुसऱ्या दिवशी वडील कामावर गेले नाहीत. गुडघा धरलाय म्हणाले. तिसऱ्या दिवशी गुडघ्याचंही नाव काढलं नाही. पेटी दाराशी ठेवून दिली, तिच्यावर बूट ठेवले, आणि खिडकीशी, आईच्या मशीनजवळ, खुर्ची ओढून बसले. अर्ध्या पेटी उचलायला वाकला तेव्हा आई त्याला स्वयंपाकघरातून बघत होती.

तो आत गेला. आवाज चढणार नाही याची काळजी घेत त्याने विचारलं, "तुला माहीत होतं?"

आई कपबशा पुसत होती. त्या पुसलेल्याच होत्या. ती म्हणाली की डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, मधलं दिसणं गेलंय, कडेकडेचं राहिलंय, तेही राहील असं नाही. वडिलांनी तिला शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही. घरात तिने तेव्हापासून एक स्टूलही जागचं हलवलं नव्हतं. तो कधी खुर्ची तिरकी ठेवायचा तर ती मागून जाऊन सरळ करायची. अर्ध्याला वाटायचं, आईला आवराआवरीचं वेड लागलंय.

"म्हणून मला पाठवलंस त्यांच्याबरोबर," तो म्हणाला. "तो फॉर्म भरू दिला नाहीस."

आईने कपबशी खाली ठेवली. "मला वाटलं, तू बरोबर असलास तर ह्यांना काही होणार नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुला काय होईल, ते डोक्यातच आलं नाही माझ्या. आई असून."

तो रागावणार होता. दोन वर्षांचा राग त्याच्याकडे तयार होता. पण तिच्याकडे बघताना त्याला दिसलं, ही किती दिवस उभी आहे. आणि राग जिथे असायला हवा होता तिथे नुसता थकवा सापडला. त्याने खुर्ची सरळ केली आणि कामाला गेला.

तीन आठवड्यांनी एका दवाखान्याच्या लिफ्टचा दोर बदलायचा आला. ऑफिसने त्यालाच पाठवलं. त्याने क्लिपा बसवल्या, विजेरी लावून बघितल्या, मग डोळे मिटून बोटांनी बघितल्या. खाली वेल्डरने दार उघडून धरलं. या घटकेची अर्ध्याने केवढी वाट बघितली होती, कसं होईल, कोण काय म्हणेल, सगळं ठरवून ठेवलं होतं. वेल्डर बाजूला होत म्हणाला, "चला, मिस्त्री." थट्टा नव्हती त्यात. अर्ध्याला वाटलं, मागे वडील उभे आहेत, त्यांनाच म्हणतोय. त्याने वळूनही बघितलं. मागे नुसता व्हरांडा होता, आणि बाकावर बसलेली चार आजारी माणसं.

आत काहीच झालं नाही. मजले खाली गेले, मजले वर गेले. दोर कुरकुरला. भीती वाटली नाही. भीती त्याची वाटून झाली होती, चार मजल्यांची, त्या गोदामात. खाली उतरून त्याने क्लिपा पुन्हा आवळल्या, पोत्यांची चाचणी घेतली, कागदावर सही केली. वेल्डरने चहा पाजला. 

घराचा जिना चढताना तो दुसऱ्या वळणावर थांबला. मशीनचा आवाज येत नव्हता. या वेळेला तो यायला हवा होता. शाळा उघडायच्या होत्या, निळ्या कापडाचा ढीग छताला लागला होता.

आणि मग त्याला आठवलं. एक रिंग द्यायची राहिली होती.

उरलेल्या पायऱ्या तो पळत चढला. दार नुसतं लोटलेलं होतं. आई ओट्याला टेकून उभी होती. तिच्यापासून हातभर अंतरावर, भिंतीला पाठ लावून, वडील उभे होते. दोघांच्या मध्ये ओट्यावर फोन. वडिलांचा पंजा त्याच्यावर पालथा ठेवलेला; फोन नुसता थरथरला असता तरी कळलं असतं. कामावरून सुटायची वेळ होऊन दोन तास झाले होते. पाऊल वाजताच वडिलांनी मान वळवली.

"उतरल्यावर कळवायचं असतं," ते म्हणाले.

"विसरलो."

"विसरायचं नसतं."

 आईने अर्ध्याच्या मनगटाला एकदा हात लावला आणि मशीनकडे गेली, पण बसल्यावर बराच वेळ तिला दोरा ओवता आला नाही. वडील तिथेच भिंतीशी उभे होते. एवढा वेळ उभं राहायची त्यांना सवय नव्हती. गुडघा खरंच धरला होता.

"आवाज होता?" त्यांनी विचारलं. "दोराचा?"

"होता. तिसऱ्या मजल्यावर."

"कसा? कोरडा?"

"मला नाही कळलं," अर्ध्या म्हणाला. "तुम्ही सांगा, कोरडा असला तर काय करायचं?"

वडील सांगायला लागले. तेल किती, कुठून सोडायचं, किती दिवसांनी पुन्हा बघायचं. अर्ध्याला ते सगळं माहीत होतं. तो त्यांच्याजवळ भिंतीला टेकला आणि मध्ये मध्ये 'हं' म्हणत, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा, ऐकत राहिला.